ए.ए.ची पहिली मीटिंग, कोल्हापूरकरांसाठी

दारू सोडायची म्हटलं की आपल्याकडे घरची माणसं दोनच वाटा दाखवतात: जोतिबाची शपथ घे, नाहीतर पंढरपूरला जाऊन माळ घाल. माळ घालून सुटलेली माणसं आहेत, आमच्याच शॉपमध्ये एक आहे. पण ज्याची माळ परत खुंटीवर गेली त्याच्यासाठी हे लिहितोय. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगला जातो. दारू सोडू पाहणारी माणसं एकमेकांना सावरायला जमतात, तीच ही ए.ए. नाव सांगत नाही, तो तिथला रिवाजच आहे.

मीटिंगच्या आधी एक गोष्ट बघा. सकाळी हात थरथरतात आणि पोटात थोडी गेल्याशिवाय थांबत नाहीत, अशी तऱ्हा असेल तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. दसरा चौकाजवळ सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखाना आहे, तिथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा आणि किती पिता ते खरं सांगा. आपल्याला निम्मं करून सांगायची खोड असते, आणि गोळ्यांचा डोस तर त्याच आकड्यावर ठरतो. पुढे मीटिंग लागली म्हणून त्या गोळ्या आपण होऊन सोडायच्याही नाहीत. ए.ए. म्हणजे दवाखाना नव्हे.

आता मीटिंग शोधायची कशी? ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर गावोगावच्या मीटिंगची माहिती आणि हेल्पलाइन मिळते. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथेही विचारता येतं. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला विचारलं तर तो बहुतेक वेळा थेट माणसाशीच गाठ घालून देतो, आणि मला विचाराल तर हीच वाट सगळ्यात चांगली. वार आणि वेळ बदलत असते, म्हणून निघायच्या आधी फोन कराच. मीटिंग शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत, कुठेही असते. बाहेर मोठा बोर्ड शोधत बसाल तर चुकाल. फोनवर विचारून घ्या: मीटिंग ओपन आहे की क्लोज, आणि दारात कुणी भेटेल का. ओपनला बायको-भाऊ सोबत चालतात. क्लोजला फक्त ज्याला सोडायचीय तो.

खरी अडचण पुढेच आहे. मंगळवार पेठेत शिंकलं तर शिवाजी पेठेत ऐकू जातं, असलं आपलं गाव. "कुणी बघितलं तर?" ह्या एका प्रश्नापायी माणसं वर्षानुवर्षं जात नाहीत. वाटलं तर आपल्या पेठेबाहेरचा ग्रुप धरा, केएमटीच्या बसनं जा, गाडी लांब लावा. पण गटाराकडेला पडलेलं अख्ख्या गल्लीनं बघितलंय, तेव्हा कुठं लाजलो होतो आपण? आणि आत जो ओळखीचा भेटेल तोही त्याच कामाला आलेला असतो.

आत गेलात की मागच्या बाकावर बसा. कुणीतरी चहा देईल. प्रार्थना होते, थोडं वाचन होतं, मग एकेक जण उठून आपलं सांगतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मधे कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. कोल्हापुरी माणसाला हेच सगळ्यात जड जातं. तुमची पाळी आली तर नुसतं नाव सांगा, "आज ऐकतो" म्हणा आणि बसा. आडनाव, जात, पगार कुणी विचारत नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, पहिल्या दिवशी नाही टाकलं तरी चालतं. बाहेरच्याची देणगी ते घेत नाहीत, आपापसात काढूनच खर्च भागवतात. देवाचा उल्लेख ऐकून बिचकू नका, तो ज्यानं त्यानं आपापल्या समजुतीप्रमाणे धरायचा असतो.

ह्या सगळ्याचं मूळ साधं आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्या बोलण्यानं सावरत गेले. डॉक्टर, बाप, मेहुणा यांनी सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते दुसऱ्या बेवड्याच्या तोंडून शिरतं.

निघताना दोघा-तिघांचे नंबर घ्या. संध्याकाळी शॉप सुटल्यावर दोस्ताचा "बसूया का?" म्हणून फोन येतो, तेव्हा हेच नंबर लावायचे, पहिला पेग उचलायच्या आधी. पगाराचा दिवस, आखाड आणि शेतातल्या रस्सा पार्ट्या, ह्या काळात मीटिंग वाढवा. स्पॉन्सर, म्हणजे आपल्याला वाट दाखवणारा तिथला जुना माणूस, धरायची घाई नको. जास्त बोलतो त्यापेक्षा नेमानं येतो तो बघा. एका मीटिंगवरून मत बनवू नका, ग्रुपागणिक माणसं वेगळी असतात. मधेच पिणं झालं, म्हणजे स्लिप झाली, तरी पुढच्या मीटिंगला जा. तिथे कुणी हिशोब मागत नाही.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळी मीटिंग असते. तुम्ही जावो न जावो, बायकोला तिथे जाऊ दे. आणि ती घरी आली की तिथं काय बोललीस म्हणून विचारत बसू नका.