बंद रूळमार्गाची पायवाट करताना

गोव्यात बंद रेल्वेमार्गाची पायवाट करायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दूधसागरचा घाट येतो, आणि पहिली चूक तिथेच होते. मुरगाव ते कॅसलरॉक हा पोर्तुगीज अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकलेला मीटरगेज मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. तो बंद पडलेला नाही. कुळ्याच्या पुढे दर ३७ मीटरला १ मीटर चढणाऱ्या त्या वाटेवर आजही गाड्या धावतात, आणि परवानगीवाचून रुळांवरून चालणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. तेव्हा शोधायची ती रूळ उखडलेली साइडिंग, म्हणजे मुख्य मार्गाला फुटलेला आखूड फाटा, किंवा मार्ग सरळ करताना बाजूला पडलेला जुना तुकडा. लांबी दोनच किलोमीटर असली तरी चालेल, पण ती सलग हवी.

आधी कागद. जमीन दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडे आहे की कोकण रेल्वेकडे, हे माहिती अधिकारात अर्ज करून लेखी मागवावे आणि सोबत जमिनीचा नकाशाही मागावा. मग भूमापनाच्या नकाशावरून सर्व्हे क्रमांक काढून प्रत्येकाचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, घ्यावा. अनेक वर्षे ओस पडलेल्या पट्ट्यात कुणाचे कुंपण सरकलेले असते, कुणाच्या कुळागराची (माड-पोफळीच्या बागेची) कड आत आलेली असते, कुठे मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, घराची पडवी असते, तर कुठे कोमुनिदादीचा, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा, दावा. या मंडळींना काम सुरू झाल्यावर नव्हे, तर पहिल्याच ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावून बोलते करावे. रेल्वेकडे मालकी मागू नये. पुढे मार्ग लागला तर परत करू, या अटीवर वापराचा परवाना मागावा. अमेरिकेत १९८३ पासून अशी सोय कायद्यानेच आहे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या अधिकाऱ्यालाही अशा कागदावर सही करणे सोपे जाईल. पट्टा वनजमिनीतून जात असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालची मंजुरी, आणि अभयारण्यातून जात असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालची परवानगी, यांना पळवाट नाही.

बंद मार्गाकडून आपल्याला फुकट मिळतात त्या गोष्टी दोनच: सौम्य चढ आणि पाण्याची बांधून दिलेली वाट. चढाची चिंता करू नये. इमारतींच्या रॅम्पला १२ ला १ एवढा चढ चालतो, त्यापुढे घाटातला ३७ ला १ हा चढसुद्धा चाकाच्या खुर्चीला जड नाही. पाण्याची चिंता मात्र रोज करावी. पट्टा दोनदा चालून पाहावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर जुलैत. प्रत्येक मोरीच्या, म्हणजे भरावाखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या बांधीव वाटेच्या, तोंडाशी वाकून बघावे. तळाशी गाळ, गाळावर माडाच्या झावळ्या, झावळ्यांत अडकलेल्या बाटल्या, आणि या सगळ्याच्या वर चिऱ्यांवर वाळलेल्या चिखलाची आडवी रेघ असते. गेल्या आषाढात पाणी कुठवर चढले होते ते ही रेघ सांगते. तिच्यापासून भरावाचा माथा हातभरच वर असेल, तर आधी ती मोरी मोकळी करावी आणि तरीही पाणी तुंबत असेल तर शेजारी दुसरी बांधावी. वर कितीही सुंदर वाट केली तरी असा भराव एखाद्या पावसात खचतोच. प्रवेशद्वार, पुतळा आणि सेल्फी पॉइंट यांवर जाणारा पैसा मी असता तर मोऱ्यांत घातला असता.

रूळ आणि लोखंडी सामान रेल्वेचे असते, त्याचा लिलाव तीच करते. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर बहुधा क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरायचे विषारी तेल, पाजलेले असतात. ते चुलीत जाळू नयेत आणि त्यांची बाकेही करू नयेत. खडी मात्र उचलून टाकू नये, कारण पाणी झिरपायला तोच उत्तम थर आहे. तिच्यावर मुरूम आणि दगडाची भुकटी पसरून, पाणी मारून रोलर फिरवावा. वाटेची रुंदी तीन मीटर ठेवावी म्हणजे सायकलवाला आणि आजोबा एकमेकांना अडत नाहीत. मध्य किंचित उंच ठेवून दोन्हीकडे शंभराला दोनाचा उतार द्यावा. जांभ्याच्या फरशा देखण्या दिसतात खऱ्या, पण श्रावणात त्यांच्यावर शेवाळ धरते आणि माणसे घसरतात.

पुलाचे गर्डर आगगाडीच्या वजनासाठी घडवलेले असल्यामुळे माणसांचा भार त्यांना किरकोळ वाटतो. पण खाऱ्या हवेतला गंज पापुद्र्यांखाली लपतो, म्हणून संरचना अभियंत्याचा लेखी दाखला घेतल्याशिवाय फळ्या आणि कठडा बसवू नये. जंगलालगत वाट सूर्यास्तानंतर बंद ठेवावी आणि दिवे लावूच नयेत, कारण ती वेळ गव्यांची आहे.

देखभालीसाठी पोर्तुगालमधील दांव नदीच्या खोऱ्यातल्या पायवाटेचे उदाहरण घ्यावे. बंद मीटरगेज मार्गावर २०११ मध्ये खुल्या झालेल्या या ४९ किलोमीटरच्या वाटेचा पृष्ठभाग तीन नगरपालिकांच्या हद्दींत तीन रंगांचा आहे, म्हणजे कोणता भाग कोणाचा हे पायाखालीच दिसते. आपल्याकडे पंचायतींच्या हद्दी अशाच रंगाने दाखवाव्यात आणि प्रत्येक मोरीवर ठळक क्रमांक रंगवावा. मग पावसात वाटेने जाणारी कुणीही बाई पंचायतीत फोन करून एवढेच सांगेल, की सात नंबरची मोरी तुंबली आहे.