उताऱ्यावरचं टिंब आणि जमिनीचा हिशेब: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जमिनीच्या व्यवहारात सगळ्यात महागात पडते ती टिंबाची चूक. कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठे-आणे असं असतं, आणि आपण ते सवयीने १.२० असं लिहून मोकळे होतो. हे टिंब दशांशचिन्ह नव्हे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे १ एकर २० गुंठे हे दीड एकर झाले. एकरी ४० लाखांनी सौदा ठरला आणि कॅल्क्युलेटरवर १.२० गुणिले ४० केलं, तर ४८ लाख येतात. खरे होतात ६० लाख! वाटणीच्या वेळी बेरजेतही हाच घोळ होतो. १.२० आणि ०.३० मिळून १.५० होत नाहीत, २ एकर १० गुंठे होतात. आधी सगळ्याचे गुंठे करा, बेरीज करा, मग ४० ने भागा. गुंठ्याचे आणे १६, त्यामुळे २० गुंठे ८ आणे म्हणजे साडेवीस गुंठे.

पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. तिथे १०० आरचा हेक्टर, म्हणून तिथलं टिंब खरोखर दशांशाचं. दोन्हीकडे शेती असलेली घरं आपल्या भागात बरीच आहेत. त्यांनी दोन कागदांवरचे आकडे थेट मिळवू नयेत. आर म्हणजेच गुंठा, असं सर्रास धरतात. पण गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि आर सुमारे १०७६ चा. हेक्टरभर रानात हा फरक ३० बाय ४० च्या प्लॉटपेक्षा मोठा होतो.

तिसरी चूक टेपची. नाल्याकडेची, रस्त्याने तिरकी कापलेली जागा असली की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. तिरक्या जागेत हे उत्तर नेहमी जास्तच येतं, म्हणजे तोटा घेणाऱ्याचा. चारही बाजू १०० फूट आणि एक कर्णही १०० फूट असेल, तर क्षेत्र १०,००० नव्हे, सुमारे ८,६६० चौरस फूट भरतं. गुंठ्याहून जास्त जागा निव्वळ कागदावर! भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त यावर फार कडक लिहिलंय: लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि ते सांगणारा त्याहून मोठा.

म्हणून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. दोन त्रिकोण पडतील. कर्ण हाच दोघांचा पाया. त्यावर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांतून लंब मोजा, लंबांची बेरीज कर्णाने गुणा आणि निम्मं करा. संचकार (इसार) देण्याआधी एवढं कराच.