धरणाच्या वर आणि खाली: गोदावरीतल्या माशांची जनुकीय विविधता कशी तपासावी

या कामात आधी मासा ठरवायचा, ठिकाणं नंतर. नाशिकजवळचं, गोदावरीवरचं गंगापूर धरण १९६५ चं. वर्षभरात वयात येणाऱ्या पुंटियससारख्या छोट्या माशाच्या तेव्हापासून साठेक पिढ्या झाल्या. पिढी चार वर्षांची धरली, तर महाशीरच्या जेमतेम पंधरा. बाहेरून मासे येत नसतील, तर दर पिढीला विविधता १/(२ × प्रभावी संख्या) इतक्या प्रमाणात घटते. पैदाशीत खरोखर वाटा असलेल्या माशांचा हिशेब म्हणजे प्रभावी संख्या. ती ५० असेल तर साठ पिढ्यांत सुमारे ४५ टक्के विविधता जाते, ५०० असेल तर फक्त ६ टक्के. मोठ्या डोहात भरपूर असलेल्या माशावर धरणाचा परिणाम शोधायला निघालात, तर हाती काही लागणार नाही आणि ‘धरणाने काही बिघडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष तेवढा निघेल. कटला, रोहू टाळा. धरणात त्यांचं बीज सोडतात, त्यामुळे तुमच्या हाती हॅचरीचा इतिहास येईल.

ठिकाणं किमान चार घ्या: त्र्यंबकच्या बाजूला फुगवट्याच्या वर, सोमेश्वर, तपोवनच्या खाली आणि सायखेड्याजवळ. पण खरी अडचण इथेच आहे. नदीत विविधता खालच्या अंगाला वाढत जाते, कारण मासे आणि पिल्लं पुराबरोबर खाली वाहतात. वरच्या भागात विविधता कमी दिसली म्हणून धरणाला दोष देता येत नाही. धरण नसतं तरी ती तिथे कमीच असती. त्यात नाशिक शहराचं सांडपाणी आणि धरणापासूनचं अंतर, दोन्ही त्याच दिशेने वाढतात. एकाच नदीवर हे सुटं करता येत नाही. म्हणून दारणा नदीवर, १९१६ च्या धरणाच्या वर आणि खाली, हीच जोडी पुन्हा घ्या. जमल्यास कळवणकडे गिरणेवर चणकापूरचीही. गिरणा तापीला मिळते, मधे सातमाळा डोंगररांग आहे. तिथला फरक डोंगराने पाडलेला आणि फार जुना. तो मोजला की धरणाने पाडलेला फरक किती लहान आहे हे कळतं. नांदूर मधमेश्वरला अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळं टाकू नका.

नमुने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. दर ठिकाणी ३० प्रौढ मासे. तीस माशांत जनुकाच्या ६० प्रती येतात, म्हणून ५ टक्के वारंवारतेचा अ‍ॅलील (जनुकाचं एक रूप) सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. एका खड्ड्यात एकाच जाळ्याने तीसच्या तीस पकडू नका. पिल्लांच्या थव्यात सख्खी भावंडं असतात, आणि ती ठिकाणाठिकाणांत खोटा फरक दाखवतात. दोनेकशे मीटरच्या पट्ट्यात पाच-सहा जागी जाळं टाका.

मासा ओल्या हातानेच धरा. १० लिटर पाण्यात अर्धा मिली लवंग तेल, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून. मासा शांत झाला की शेपटीच्या वरच्या टोकाचा ३ ते ५ मिमी तुकडा कापा, मासा ताज्या पाण्यात सावरला की सोडा. तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, इथेनॉल तुकड्याच्या निदान दहापट. २४ तासांनी ते बदला. दोन माशांमध्ये कात्री ब्लीचमध्ये बुडवून धुवा. लेबल कागदावर शिसपेन्सिलीने लिहून कुपीच्या आत ठेवा, कारण पेनची शाई इथेनॉलमध्ये पुसली जाते. प्रत्येक माशाचा पट्टीसह फोटो हवाच. पुंटियसच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, आणि दोन जाती मिसळल्या की सगळं विश्लेषण वाया.

पाण्याच्या नोंदी सगळीकडे एकाच वेळी, सकाळी सहा ते आठच्या दरम्यान: तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, सामू, वाहकता, खोली, प्रवाहाचा वेग. दुपारी शेवाळ ऑक्सिजन वाढवतं, त्यामुळे तपोवनच्या खालीसुद्धा पाणी ठणठणीत वाटतं. पहाटे तोच आकडा कोसळतो. माशाला जगायचं असतं पहाटे.

प्रयोगशाळेत आधी दर ठिकाणच्या पाच-सहा माशांचा सीओआय (जात ओळखायला वापरतात तो जनुक) तुकडा, सुमारे ६५० बेस, वाचून जात पक्की करा. साठ वर्षांतला फरक सीओआयमध्ये दिसत नाही. त्यासाठी १० ते १५ मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे आणि झपाट्याने बदलणारे छोटे तुकडे, लागतात. आकडेमोडीत अपेक्षित हेटेरोझायगोसिटी (जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असण्याची शक्यता), नमुन्यांची संख्या सारखी करून काढलेली अ‍ॅलीलसमृद्धी (किती वेगळे अ‍ॅलील सापडले) आणि जोडीनिहाय एफएसटी (दोन ठिकाणांतला जनुकीय फरक) पाहा. अंतर नदीच्या वळणांनी मोजा, सरळ रेषेने नाही. पावसाळ्यात विसर्गाबरोबर मासे धरणातून खाली उतरतात, वर चढत नाहीत. म्हणून दोन्ही दिशांचं स्थलांतर समान धरणारी पद्धत इथे वापरू नका.