व्हॅनेडिया-अ‍ॅल्युमिनाचा रामन घेताय? आधी सॅम्पल वाळवा

अ‍ॅल्युमिनावर व्हॅनेडियम ऑक्साइड चढवलंय आणि वर नक्की काय बसलंय, पातळ थर की स्फटिक, हे बघायचं असेल तर रामन (लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून बंध ओळखायची पद्धत) घ्याच, कारण गॅमा अ‍ॅल्युमिनाचे स्वतःचे पीक (स्पेक्ट्रममधले उंचवटे) जवळजवळ नसतातच, जे दिसतं ते व्हॅनेडियमचंच.

मशीनकडे जायच्या आधी एक गणित करा. सॅम्पलमध्ये वजनाने ५ टक्के व्ही२ओ५ (म्हणजे तेच व्हॅनेडियम ऑक्साइड) आणि सर्फेस एरिया ग्रॅमला १०० चौरस मीटर असेल तर एका चौरस नॅनोमीटरवर व्हॅनेडियमचे साधारण ३.३ अणू येतात. अ‍ॅल्युमिनावर एक थर भरायला ७-८ लागतात, म्हणजे इथे स्फटिक निघाले तर चढवतानाच काहीतरी बिघडलंय. सिलिकावर मात्र हा आकडा लावू नका, तिथे ३ पर्यंत पोचायच्या आतच स्फटिक येतात.

आता खरी गोष्ट. उघड्यावरचं सॅम्पल हवेतलं पाणी ओढतं आणि वरची व्हॅनेडियमची रचनाच बदलते, आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून इन-सिटू सेलमध्ये (सॅम्पल गॅसमध्ये तापवत तिथेच मोजता येईल अशा बंद कुपीत) कोरडा ऑक्सिजन सोडून ४५०-५०० डिग्रीला तासभर ठेवा, आणि थंड करताना गॅस बंद करू नका, त्याच गॅसमध्ये १०० च्या आसपास आणून स्पेक्ट्रम घ्या. फ्लुओरेसन्सचा (लेसरमुळे सॅम्पल स्वतःच चमकून पीक झाकण्याचा) त्रास बऱ्याचदा यातच कमी होतो कारण चिकटलेलं सेंद्रिय जळून जातं, तरी राहिला तर यूव्ही लेसर वापरून बघा. मशीन बरोबर मोजतंय ना हे सिलिकॉन वेफरच्या ५२०.७ सेमी⁻¹ च्या पीकवर तपासून घ्या, लेसर पॉवर कमीच ठेवा, नाहीतर तो ठिपकाच तापतो आणि आपण भलतंच मोजतो.

१०३० सेमी⁻¹ जवळचा टोकदार पीक म्हणजे वाळलेल्या थरातला व्हॅनेडियम-ऑक्सिजन दुहेरी बंध, ९९५ जवळचा म्हणजे स्फटिक. पण दोन्हींच्या उंचीवरून टक्केवारी काढू नका प्लीज, दिसणाऱ्या लेसरला स्फटिक कितीतरी पट जास्त सिग्नल देतो, चिमूटभर असला तरी उंच दिसतो. ९०० च्या आसपासचा रुंद बँड बघून 'पॉलिमर आहे' (म्हणजे व्हॅनेडियम ऑक्सिजनने एकमेकांना जोडलेत) असंही लिहू नका, तो व्हॅनेडियम-ऑक्सिजन-व्हॅनेडियमचा की व्हॅनेडियम-ऑक्सिजन-अ‍ॅल्युमिनियमचा यावर वाद आहे, त्यासाठी त्याच वाळवलेल्या सॅम्पलचा यूव्ही-व्हिजिबल डिफ्यूज रिफ्लेक्टन्स (पावडरवरून परतलेल्या प्रकाशाचा स्पेक्ट्रम) घेऊन एज एनर्जी, म्हणजे प्रकाश शोषायला सुरुवात होते ती ऊर्जा, बघा.

आणि अ‍ॅल्युमिनाऐवजी अ‍ॅनाटेज टायटानिया असेल तर १४४ चा पीक सोडून द्या, तिथे अ‍ॅनाटेज आणि व्ही२ओ५ एकमेकांवर बसतात, स्फटिक शोधायचे तर ९९५ लाच शोधा.