शेकोटीचे निखारे खोलीत नेऊ नका

विदर्भातली थंडी कोरडी आणि बोचरी. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आणि उघड्या शिवारात तर गारठा आणखीच झोंबतो. त्यात रात्रपाळीच्या लाईटमुळे हरभऱ्याचं ओलीत करून माणूस पहाटे ओल्या पायांनी घरी येतो. मग अंगणातल्या शेकोटीचे निखारे घमेल्यात भरायचे, खाटेजवळ ठेवायचे आणि दार लावून झोपायचं. खरा धोका इथेच आहे.

धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण लालभडक निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतच असतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. झोपेत तर तेही कळत नाही.

शेकायचं ते अंगणातच. खोली ऊबदार करायचीच असेल तर जागेपणी, समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवून. झोपण्याआधी घमेलं बाहेर. पाय कोरडे पुसून मोजे आणि गोधडी, एवढ्यावर भागतं. कुणी गुंगीत आढळलं तर आधी उघड्यावर आणा आणि लगेच 108 ला फोन लावा. कांदा हुंगवत बसू नका.