वेरूळची जैन लेणी पाहताना

वेरूळला येणारे बहुतेक प्रवासी सारा वेळ कैलास लेण्यात घालवतात आणि उत्तर टोकाची, ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी परतीच्या घाईत उरकतात. ज्यांच्या हाती एकच दिवस आहे, त्यांनी पाय ताजे असताना सकाळी आधी येथेच यावे. मंगळवारी लेणी बंद असतात. कैलासपासून हे अंतर दीड किलोमीटरच्या आसपास असल्याने उन्हाळ्यात वाहनानेच जावे.

सुरुवात ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेपासून करावी. नवव्या-दहाव्या शतकातील हे दिगंबर लेणे दुमजली आहे. अंगणात शिरताच आत धावू नये. मधोमध चारही बाजूंनी उघडे असलेले सर्वतोभद्र मंदिर, त्याचे द्राविड शिखर, शेजारचा हत्ती आणि मानस्तंभ (जैन मंदिरासमोरचा उंच खांब) हे सगळे डोंगराच्या एकाच बेसाल्टमधून सुटे केलेले आहे, हे त्याभोवती सावकाश फिरल्याशिवाय उमगत नाही. खडक वरून खाली कोरत आणला जाई. म्हणून तळमजला बराचसा अपुरा आणि वरचा मजला मात्र नक्षीने भरलेला दिसतो. अपुऱ्या भागाकडे पाठ फिरवू नये, कारण छिन्नीच्या खुणा तेथेच वाचता येतात, आणि माझ्या मते स्थापत्याच्या अभ्यासकाला पूर्ण झालेल्या खांबांपेक्षा त्या अधिक शिकवतात.

वरच्या मजल्यावर गेल्यावर दोन मूर्ती आधी शोधाव्यात. वडाखाली हत्तीवर बसलेला यक्ष आणि आंब्याखाली सिंहावर बसलेली जैन देवी अंबिका यांना पूर्वी इंद्र व इंद्राणी समजले गेले आणि लेण्याला त्यावरूनच नाव पडले. अंबिकेच्या डोक्यावरची आम्रफळे आणि पाने जवळून पाहण्याजोगी आहेत. त्यानंतर तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ आणि पहिले तीर्थंकर ऋषभनाथ यांचे तपस्वी पुत्र बाहुबली यांच्या जोड्या पाहाव्यात. पार्श्वनाथावर नागफणांचे छत्र असते आणि भोवती त्याचा वैरी कमठ याचे हल्लेखोर उसळलेले असतात. बाहुबलीच्या हातापायांना वेली वेढलेल्या असतात. दोघेही कायोत्सर्गात, म्हणजे देहभान सोडून उभ्याने केलेल्या ध्यानात, निश्चल उभे आहेत. एकाभोवती गोंधळ आणि दुसऱ्याभोवती शांत वाढणारे रान, हा विरोध शिल्पकारांना इतका आवडला असावा की या समूहात तो पुन्हा पुन्हा भेटतो.

छताकडे पाहण्यापूर्वी डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मग कोरीव कमळ आणि चित्रांचे उरलेले रंग हळूहळू दिसू लागतात. फ्लॅश मुळीच वापरू नये, तसेच खांबांना हात लावू नये. मानवी स्पर्शाने दगड गुळगुळीत आणि काळा पडतो.

वरूनच ३३ क्रमांकाच्या जगन्नाथसभेत जाता येते. छोटा कैलास म्हणून ओळखले जाणारे ३० क्रमांकाचे लेणे मात्र कैलास पाहून झाल्यावरच पाहावे, कारण ते त्याचीच लहान आणि अपूर्ण राहिलेली आवृत्ती आहे. डोंगरावर आणखी वर तेराव्या शतकातील भव्य पार्श्वनाथ मूर्ती आहे; तेथे आजही पूजा होत असल्याने पादत्राणे बाहेर काढूनच आत जावे.