ॲम्प वापरात नसताना प्लग काढायचा की नाही? या चुका टाळा

"म्युझिक सिस्टीम वापरात नसताना प्लग काढून ठेवू का रे?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता मी उत्तर देण्याआधी उलट विचारतो, बंद करतोस म्हणजे नक्की काय करतोस? रिमोटचं लाल बटण, ॲम्पच्या (स्पीकरला ताकद देणाऱ्या डब्याच्या) तोंडावरचं बटण, भिंतीवरचा स्विच, की प्लगच उपसतोस? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो, कारण या चार गोष्टी वेगळ्या आहेत हेच डोक्यात आलेलं नसतं. खरा गोंधळ तिथेच आहे. रोज इमानदारीत प्लग उपसणारे आणि वर्षानुवर्षं हातच न लावणारे, दोघेही सामानाची वाट लावतात, फक्त वेगवेगळ्या पद्धतीने.

लाल दिवा म्हणजे बंद नाही

रिमोटने बंद केलं की रिसीव्हर (रेडिओ, एचडीएमआय वगैरे एकाच डब्यात असलेला ॲम्प) झोपतो, पण एक डोळा उघडा ठेवून, यालाच स्टँडबाय म्हणतात. आत एक छोटा पॉवर सप्लाय चालूच असतो, रिमोटच्या सिग्नलची वाट बघत. जुन्या काही सेट्समध्ये तर मेन ट्रान्सफॉर्मरलाच कायम करंट असतो, रात्रभर बंद असलेल्या सेटवर सकाळी हात ठेवला तरी ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचं झाकण कोमट लागतं. तसं लागलं तर समजून जा.

आता हे किती खातं? युरोपात २०१० पासून साध्या स्टँडबायला १ वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा आली, त्यामुळे गेल्या काही वर्षांतलं बरंचसं सामान स्टँडबायला फार काही खात नाही. १ वॅट म्हणजे वर्षभर चोवीस तास चालू राहिलं तर ८.७६ युनिट, अर्धा वॅट म्हणजे साडेचारच्या आत. एवढ्यासाठी रोज टीव्हीच्या मागे वाकून प्लग उपसण्यात काही राम नाही.

पण (आणि इथेच लोक फसतात) हा आकडा साध्या स्टँडबायचा आहे. मी प्लग आणि सॉकेटच्या मध्ये वॅट दाखवणारं छोटं मीटर लावून बघितलं तेव्हा माझा रिसीव्हर स्टँडबायला ०.३ वॅट दाखवत होता, मी खूश. मग सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क स्टँडबाय (बंद असतानाही नेटवर्कला जोडलेलं राहणं) आणि एचडीएमआय पास-थ्रू चालू केलं, परत बंद केलं, आणि मीटर २२ वर जाऊन बसलं! लाल दिवा तोच, शांतता तीच. दिवसाचे २१ तास असं राहिलं तर वर्षाला जवळपास १७० युनिट, नुसते झोपून. पास-थ्रू बंद केलं तर रिसीव्हर बंद असताना सेट-टॉप बॉक्सचं चित्र टीव्हीवर जात नाही, तेवढी एक गैरसोय आहे, ती चालणार असेल तर मेनूत जाऊन दोन्ही बंद करा आणि प्लग बिनधास्त राहू द्या.

"कायम चालू ठेवलं की आवाज मोकळा होतो"

हे सांगणारे जाणकार प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. अर्धं खरं आहे. ट्रान्झिस्टर ॲम्प गरम होऊन त्याचा बायस (गाणं नसतानाही आत वाहणारा थोडासा करंट) स्थिर व्हायला वेळ लागतो, साधारण अर्धा तास धरा, आणि काही कंपन्यांनी स्वतःच मॅन्युअलमध्ये चालू ठेवा असं लिहिलेलं असतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तर ते माना. पण अर्ध्या तासाच्या कामासाठी चोवीस तास उष्णता? साध्या क्लास एबी (हा नेहमीचा प्रकार) ॲम्पचं गाणं न वाजवता ३०-४० वॅट खाणं नवलाचं नाही. क्लास ए तर विचारूच नका, चॅनेलला २५ वॅटचा क्लास ए ॲम्प शांत बसलेला असतानाही किमान १०० वॅट ओढणारच, त्याची रचनाच तशी असते, खोलीत हीटर लावल्यासारखं.

बिलापेक्षा मला जास्त चिंता आतल्या कपॅसिटरची वाटते. वीज साठवणारे ते मोठे डबे दिसतात ना, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, त्यांच्या आत ओलसर द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. समजा कपॅसिटरचं रेटिंग १०५ अंशांना २००० तास असं आहे आणि ॲम्पच्या पोटात तो ६५ अंशांवर राहतो, तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. ऐकायला भरपूर वाटतं. पण कायम चालू ठेवलात तर साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे संपले, रोज चार तास ऐकलंत तर एकवीस-बावीस वर्षं पुरले. शिवाय ॲम्प बंद कपाटात कोंबलेला असेल तर ६५ चे ७५ व्हायला वेळ लागत नाही आणि मग हा सगळा हिशोब निम्म्यावर.

ट्यूबवाल्यांनी (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प असलेल्यांनी) तर चालू ठेवण्याचा विचारही करू नये. ईएल ३४ सारख्या पॉवर ट्यूबचं आयुष्य काही हजार तासांचं, वर्षाचे तास ८,७६०. गणित तुम्हीच करा. आणि त्याच्या उलट टोकाची चूक म्हणजे जेवायला उठलो बंद, परत आलो चालू, फोन आला बंद. तापणं-गार होणं यानेही ट्यूब आणि सोल्डरचे जॉइंट थकतात, तासाभराच्या ब्रेकला राहू द्या चालू.

प्लग उपसायची पण एक रीत असते

माझा पहिला मोठा स्टिरिओ ॲम्प, समोर खटकन दाबायचं जाड बटण. मी बचत म्हणून ते बटण चालूच ठेवायचो आणि थेट प्लगच काढ-घाल करायचो, कशाला दोन बटणं दाबायची! एका संध्याकाळी प्लग सॉकेटमध्ये टेकवला आणि निळी ठिणगी, चट्ट आवाज, एमसीबी खाली, अख्ख्या घरात अंधार. प्लगच्या पिनेवर काळा डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. झालं काय होतं, तर मोठा टोरॉइडल (कडीच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे कपॅसिटर पहिल्या क्षणाला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, आणि ते काम ॲम्पच्या स्विचने करायचं ते मी पिनेच्या टोकाकडून करून घेत होतो. म्हणून प्लग काढताना आणि लावतानाही ॲम्प आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद पाहिजे.

क्रम पण लक्षात ठेवा. चालू करताना आधी प्लेअर, डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा), प्री (पॉवर ॲम्पच्या आधीचा, आवाज कमी-जास्त करणारा प्रीॲम्प) वगैरे आणि पॉवर ॲम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना ॲम्प सगळ्यात आधी. उलट केलंत की स्पीकरमधून तो धप्प आवाज येतो, वूफरचा कोन पुढे उडी मारतो, रोज असं करत राहिलात तर एक दिवस स्पीकरला महागात पडतं. सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावून एकाच बटणाने बंद करणाऱ्यांची गंमत हीच, ॲम्प आणि प्री एकाच वेळी मरतात आणि प्रीची शेवटची उचकी ॲम्प मोठी करून दाखवतो.

आरसीए केबल (प्लेअर-ॲम्प जोडणारी, बहुधा लाल-पांढऱ्या टोकांची) तर ॲम्प चालू असताना अजिबात काढू-घालू नका. त्या जॅकची रचना अशी आहे की मधली सिग्नलची पिन आधी टेकते आणि बाहेरची ग्राउंडची कडी नंतर, त्या मधल्या क्षणात जी घूंऽऽ होते ती पूर्ण ताकदीने स्पीकरमध्ये जाते.

स्मार्ट प्लगबद्दल हल्ली फार विचारतात. छोट्या स्पीकरला ठीक. मोठ्या ॲम्पला लावलात तर त्याच सुरुवातीच्या करंटमुळे आतल्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटून बसतात, ॲप म्हणतं बंद, ॲम्प आपला चालूच. आणि ज्याला खटक्याचं बटण नाही, नुसतं टच बटण आहे, असा ॲम्प करंट आल्यावर बहुतेक वेळा स्टँडबायलाच उठतो, मग स्मार्ट प्लगचा उपयोग काय तो तुम्हीच सांगा. हां, आणि स्क्रीनवर अपडेट चालू असं दिसत असेल तेव्हा प्लगला हात लावू नका, तिथे अर्धवट सोडलं तर सेट उठतच नाही.

वीज कडाडायला लागली की नुसतं बटण पुरत नाही

प्लग खरंच काढायची वेळ ही. लोक भिंतीवरचा स्विच बंद करून निवांत बसतात. आकाशातून जमिनीपर्यंत हवा फाडत आलेल्या विजेला स्विचच्या आतलं काही मिलिमीटरचं अंतर काय अडवणार? त्यात बऱ्याच ठिकाणी स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलेच राहतात.

स्पाइक गार्ड आहे ना, असं म्हणाल. आहे, पण त्याच्या आतले व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज गिळणारे भाग) प्रत्येक झटका खाऊन थोडे थोडे झिजतात आणि एक दिवस नुसता बोर्ड उरतो. ज्यावर संरक्षण चालू असल्याचा वेगळा दिवा असतो तो विझलाय का बघा, विझला असेल तर तो आता साधा एक्स्टेन्शन आहे. आणि अर्थिंग धड नसेल तर अर्धं काम आधीच गेलं.

पण माझी फजिती यापेक्षा वेगळीच झाली. ढग गडगडायला लागल्यावर मी शहाण्यासारखा रिसीव्हरचा प्लग काढून बाजूला ठेवला, सकाळी लावला, चालू झाला, रेडिओ लागला, मग कळलं नेटवर्क मेलंय आणि एचडीएमआयला चित्र नाही. रिपेअरवाल्याने बोर्ड काढून दाखवला, लॅनच्या (नेटवर्क केबलच्या) पोर्टजवळची चिप फुटून तिच्यावर खळगा पडला होता. प्लग काढला होता, पण राउटरकडून आलेली लॅन केबल तशीच लटकत होती, राउटर प्लगमध्ये होता. झटका तिकडून आत शिरला. तेव्हापासून ॲन्टेनाची वायर, केबलची वायर, लॅन, सगळं काढतो, सबवूफरचा प्लगही, कारण तो सोफ्यामागे असतो आणि हमखास विसरला जातो. हे सगळं वीज डोक्यावर यायच्या आधी करायचं. कडकडाट सुरू झाल्यावर वायरींशी झटापट करायला जाऊ नका, ॲम्प परत मिळतो.

लाईट गेली असेल तेव्हाही ॲम्प बटणाने बंद करून ठेवा. परत येताना व्होल्टेज वर-खाली होतं, आणि लाईट आली-गेली-आली असं झालं तर दर वेळी तो सुरुवातीचा धक्का आहेच.

महिनोन्‌महिने काढून ठेवणारे

आठवडाभर बाहेर जाताय, काढा प्लग, काही बिघडत नाही. पण "जपून ठेवलाय" म्हणत ॲम्प वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिला तर त्याच कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर कमकुवत होतो आणि मग अचानक पूर्ण करंट दिला की गळती, कधी फट्कन फुटणंही. दोनेक महिन्यांतून एकदा तासभर वाजवा, तेवढं पुरतं. आधीच खूप वर्षं पडून असलेला असेल तर थेट लावू नका, रिपेअरवाल्याकडे द्या, तो सिरीजमध्ये जुना पिवळा बल्ब लावून चालू करेल, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. आणि प्लग काढलाय म्हणून झाकण उघडून बोटं घालायची नाहीत, मोठे कपॅसिटर नंतरही बराच वेळ चार्ज धरून असतात, ट्यूब ॲम्पमध्ये तो जीवघेणा असतो.

जुन्या रिसीव्हरमध्ये स्टेशनं आणि स्पीकरची सेटिंग टिकवायला आत छोटा कपॅसिटर असतो, काही दिवस-आठवड्यांत तो रिकामा झाला की सगळं शून्यावर. काढण्याआधी मेनूचे फोटो काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम.

बॅटरीवाल्या ब्लूटूथ स्पीकरचं मात्र पूर्ण उलटं. तो कायम चार्जरला लावून ठेवला की लिथियम बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर आणि वर गरम, दोन्ही तिला मानवत नाही. चार्ज झाला की काढा, बरेच दिवस वापरणार नसाल तर निम्म्यावर ठेवून द्या.

राहिलं एक. रोज काढ-घाल करून सॉकेट ढिलं होतं. प्लग आत गेल्यावर हलतोय, घालताना चरचर येते, सॉकेटभोवती प्लास्टिक पिवळट पडलंय, यातलं काहीही दिसलं तर तासभर गाणी वाजवून प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला बोटाची मागची बाजू लावून बघा. कोमटपेक्षा जास्त लागला तर ॲम्पमध्ये दोष शोधत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवून सॉकेट बदलून घ्या, आणि तोवर त्या सॉकेटमध्ये काही लावू नका.